काळी पावती

इंजिन फुटलं तेव्हा मी वाफ्यात उकिडवी बसून गवत काढत होते. आवाज काही मोठा झाला नाही. दगडावर नारळ आपटावा तसा एक ठोका, मग पट्ट्याची फडफड, मग सगळं गप्प. पाईपातलं पाणी दोन उचक्या देऊन थांबलं. माझा धाकटा भाऊ सेबियो बोअरकडे धावला. त्याची बायको फेली पाटात फावडं धरून उभी होती, ती तशीच उभी राहिली. पाटातलं उरलंसुरलं पाणी तिच्या पावलांवरून पुढं सरकलं आणि मातीत जिरून गेलं.

याला बावीस वर्षं झाली. तेव्हा आमच्या गावाला डांबरी रस्ता नव्हता, आग्नो नदीचा बांध मातीचा होता, आणि मी छप्पन वर्षांची, पायांनी धड. आता माझे पाय माझं ऐकत नाहीत, पण त्या जानेवारीतला एकेक दिवस अजून माझ्या हाताखाली आहे, मोजून दाखवीन.

घरात आम्ही तिघंच. मी लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहिले. पुढच्या खिडकीत माझं छोटं दुकान होतं, साबण, मीठ, सुकी मासळी, काड्यापेट्या. बाकी वेळ शेतात. भात निघालं की त्याच जमिनीत कांदा. साठ वाफे लावले होते त्या वर्षी. रोपं ओळीनं लावून वर भाताचा पेंढा पसरलेला, त्यातून हिरवीगार पात वर आलेली. खाली बोट घालून चाचपलं तर गाठ लागायची, कवडीएवढी. कांदा पोसायला लागला की त्याला दर आठ दिवसांनी पाणी हवं. तेव्हा तहानला तर तो कवडीचा कवडीच राहतो.

सेबियो परत आला. हात कोपरापर्यंत तेलात.

"मानांग, बीडालाच चीर गेलीय," तो मला म्हणाला. आमच्याकडे थोरल्या बहिणीला मानांग म्हणतात, आणि गाव सगळं मला त्याच नावानं हाक मारायचं. "बोट जाईल एवढी चीर. सगळं तेल खाली."

"नवं आहे ना?" फेली म्हणाली. "दोन महिने झालेत. सहा महिन्यांची हमी सांगितली होती दुकानदारानं. मानांग, कागद काढा. कागद तुमच्याकडेच आहेत."

हे इंजिन आम्ही रेडा विकून घेतलं होतं. चौदा वर्षांचा रेडा. तो गेला त्या दिवशी सेबियो जेवला नव्हता. फेलीनंच समजूत घातली होती, की रेडा नांगर ओढेल, पण जमिनीतून पाणी ओढणार नाही. नांगरटीला काय, कांदा विकून दुसरा घेऊ.

मी घरी गेले. पत्र्याची पेटी उघडली. हात तळाशी घातला, कारण ते कागद मी तळाशीच ठेवले होते, आणि का ठेवले होते ते मला ठाऊक होतं.

मोठ्या पुरात आमच्या गावचे सगळे कागद वाहून गेले होते. जन्माचे दाखले, शाळेचे दाखले, जमिनीच्या पावत्या. लोक पुढं दोन वर्षं स्वतःचा जन्म सिद्ध करत हिंडले. तेव्हापासून कागद हातात आला की प्लास्टिकात घालायचा, ही गावाची रीतच झाली. हाँगकाँगला घरकामाला असलेल्या माझ्या भाचीनं मला त्याचं एक यंत्र पाठवलं. कागद दोन प्लास्टिकांच्या मध्ये ठेवायचा, तापलेल्या रुळांतून सरकवायचा, पलीकडून तो कडक आणि चकचकीत होऊन निघायचा. मी दाखले घातले, संतांच्या तसबिरी घातल्या, बाप्तिस्म्याचे फोटो घातले. आसपासच्या तीन गावांतून लोक यायचे.

इंजिन आणलं त्याच संध्याकाळी मी हमीचं कार्ड यंत्रातून काढलं. सुंदर निघालं. मग पावती घातली. बेलार्मिनोच्या दुकानात नुकतंच पावती छापायचं मशीन आलं होतं, गुळगुळीत पातळ कागद, शाईशिवाय छापणारं. तो कागद उष्णतेनंच काळा होतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर! रुळांतून पावती निघाली ती तव्याच्या बुडासारखी काळीकुट्ट. एक अक्षर दिसेना. मी ती उलटी करून पाहिली, दिव्यापाशी नेली. मग पेटीच्या तळाशी ठेवून दिली आणि कुणाला बोलले नाही.

फेलीनं ती हातात घेतली.

"हे काय?"

"पावती."

"ही?"

"यंत्रातून काढली. काळी झाली."

"कधी?"

"आणली त्याच दिवशी."

ती माझ्याकडे बघत राहिली. "दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन दुसरी मागता आली असती, मानांग. दोन महिने तुम्ही…" आणि तिथं ती थांबली. फेलीनं माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशीही नाही. तिनं पावती चुलीजवळच्या फळीवर ठेवली आणि भात काढायला घेतला. त्यानंतर मात्र ती माझ्याशी बोलायची थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सेबियो आणि मी तालुक्याच्या गावी गेलो. बेलार्मिनोच्या दुकानाचं शटर खाली. वर कागद चिकटवलेला, 'दुकान कायमचं बंद. आपल्या लोभाबद्दल आभारी आहोत.'

शेजारच्या न्हाव्यानं दारातूनच वस्तरा हलवला. "गेला तो. कॅनडाला, मुलीकडे. तीन आठवडे झाले. धंदा बुडाला होता त्याचा. तुमचं काय बिघडलं?"

"इंजिन," सेबियो म्हणाला.

"काल एकजण फवारणीचा पंप घेऊन आला होता. रागानं शटरला लाथ मारली त्यानं. पाय सुजला, शटरला काही झालं नाही."

घरी पोचल्यावर सेबियो एवढंच बोलला. "कांदा गेला तर मी मनिलाला जाईन, बांधकामावर. आपल्या गावातल्या लुसिंगचा नवरा गेलाय ना तिकडे."

अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, कंबर आधीच वाकलेली. लुसिंगचा नवरा गेला तो पाच वर्षांत दोनदा घरी आला होता. फेली भाताचं भांडं खाली ठेवून ऐकत होती. तिच्या हातातला डाव तसाच वर राहिला.

मग पाणी वाहायला लागलो. नदी आमच्या बांधापासून चारशे पावलं. कावडीला तेलाचे दोन डबे, डब्यात नारळाची पानं टाकायची म्हणजे पाणी हिंदकळत नाही. पहाटे सुरू करायचं, ऊन तापलं की थांबायचं, उतरलं की पुन्हा. एका वाफ्याला चोवीस डबे. पहिल्या दिवशी तिघांनी मिळून पाच वाफे भिजवले. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी माझ्या खांद्याची कातडी सोलली, तेव्हा मी गोणपाटाची घडी ठेवून त्यावर कावड घेतली. फेली पुढं चालायची, मी मागं. तिच्या मानेवर घामाची रेघ, तिच्या टाचा चिरलेल्या. बोलणं नाही. घरात तिघंच माणसं आणि त्यातलं एक दुसऱ्याशी बोलत नाही म्हटल्यावर सगळे निरोप सेबियोच्या तोंडून जायचे.

"मानांगला सांगा, भात झालाय."

"मानांग, भात झालाय."

"मी बहिरी नाही रे," मी म्हणायची.

शेजारच्या बास्योचा पंप चालू होता, पण त्याची नळी आमच्या कडेच्या आठ वाफ्यांपर्यंतच पोचायची. तेवढं पाणी त्यानं दिलं, आणि त्याबरोबर जीभही चालवली. "मानांग पुरिंग, माझ्या सासूलाही घालून द्या की तुमच्या प्लास्टिकात. टिकेलही आणि बोलणारही नाही." गाव हसलं. मीही हसले, दुसरं करणार काय. बायका दुकानावर साबण न्यायला यायच्या आणि हळूच विचारायच्या, "आमच्या दाखल्याला काही होणार नाही ना, मानांग?"

चौथ्या दिवशी सेबियो म्हणाला, इंजिन दागुपानला नेऊ. इंजिन परदेशातून आणणाऱ्या कंपनीची कचेरी तिथं होती, कार्डावर पत्ता होता. बांबूला दोर बांधून इंजिन अडकवलं, जीपनीच्या, म्हणजे आमच्याकडच्या प्रवासी जीपगाडीच्या, टपावर चढवलं.

कचेरीच्या दारात पहारेकऱ्यानं आमच्या चपलांकडे पाहिलं. "चिखल बाहेर. इंजिन मागच्या दारानं." आम्ही चपला बाहेर काढल्या, अनवाणी आत गेलो. फरशी इतकी गार की पाय आखडले. तासभर बसवून ठेवलं. मग वेर्गारा नावाचे साहेब आले, पांढरा सदरा, पायात चकचकीत पिवळसर बूट. त्यांनी काळी पावती खिडकीच्या उजेडात धरली.

"ही पावती आहे का एक्स-रे?" आणि टाइप करणाऱ्या मुलींना दाखवली. "बघा गं, फुफ्फुस खराब आहे याचं." मुली हसल्या. सेबियो आपल्या हातांकडे बघत राहिला. तेल नखांत गेलेलं, घासूनही निघत नव्हतं.

"सर, कार्ड आहे," मी म्हटलं. "कार्डावर इंजिनचा नंबर आहे. दुकानाचा शिक्का आहे."

"तारीख कुठाय? इथं तारखेची जागा कोरी आहे."

"दुकानदार म्हणाला, तारीख पावतीवर आहेच."

"मग दुकानदारालाच विचारा. पद्धत अशी असते, आजी. गिऱ्हाईक दुकानाकडे जातं, दुकान आमच्याकडे येतं. तुम्ही उडी मारून इकडे आलात."

"दुकान बंद झालं, सर."

"मग हमी पण बंद झाली," ते म्हणाले आणि घड्याळ पाहिलं.

सेबियो उठला. मला बोलायचं होतं, पण तो आधीच बांबूचं टोक उचलून उभा होता, आणि भावाचा तो वाकलेला पाठमोरा खांदा बघून मीही उठले.

परत येताना जीपनीत जागा नव्हती, मी मासळीच्या टोपल्यांमध्ये बसले. कार्ड माझ्या मांडीवर होतं. मी सहावीपर्यंत शिकलेली, पण वाचायची सवय सोडली नव्हती. त्या दिवसापर्यंत कार्डाच्या मागचं बारीक कुणी वाचलं नव्हतं. मी वाचायला लागले. गाडी उसळायची, ओळ हरवायची, पुन्हा धरायची. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं.

"सेबियो," मी म्हटलं, "इथं लिहिलंय, 'आम्ही, या इंजिनाचे आयातदार, हमी देतो.' बेलार्मिनोचं नाव फक्त शिक्क्यात आहे. शब्द त्याचा नाहीच."

"मग?"

"मग काय मग! शब्द ह्या पिवळ्या बुटांचा आहे. बेलार्मिनो नुसता मध्यस्थ. मध्यस्थ गावाला गेला म्हणून लग्न मोडतं का?"

तो पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघायला लागला. जवळची मासळीवाली म्हणाली, "माझ्या लग्नातला मध्यस्थ तर वारला. नवरा अजून आहे घरात."

गावच्या कापितानाला, म्हणजे आमच्या मुखियाला, मी कार्ड दाखवलं. तो म्हणाला, लिंगायेनला सरकारी व्यापार कचेरी आहे, तिथं अर्ज द्यायचा, फुकट असतो. अर्ज मीच लिहिला, दुकानाच्या खिडकीत बसून, वहीचं पान फाडून. पावती काळी कशी झाली तेही लिहिलं. लपवलं ते पण लिहिलं. ते लिहिताना फेली मागून भांडी घेऊन गेली, क्षणभर थांबली, आणि पुढं गेली.

सुनावणीची तारीख सहा दिवसांनी मिळाली. तोवर कावड. दूरच्या वाफ्यांची पात पिवळी पडायला लागली होती, टोकं वळत होती. आम्ही ठरवलं की वीस वाफे सोडायचे, बाकीचे जगवायचे. कोणते सोडायचे ते सेबियोनं ठरवलं आणि त्या वाफ्यांकडे पुन्हा बघितलं नाही.

सुनावणीच्या दिवशी पाणी वाहायला कुणीतरी हवं होतं, म्हणून सेबियो मागं राहिला. बांबूचं दुसरं टोक फेलीनं उचललं. रस्त्यापर्यंत दीड मैल. ती पुढं, मी मागं, मध्ये इंजिन झोके घेत होतं. ओझं दोघींत असलं की पावलं जुळावीच लागतात, नाहीतर ओझं पायावर येतं. आम्ही एक शब्द न बोलता दीड मैल एकाच पावलानं चाललो.

लिंगायेनच्या कचेरीत एक तरुण बाई टेबलाशी बसल्या होत्या. कासिल मॅडम. समोर उकडलेल्या शेंगांची पुडी. त्यांनी आम्हाला आधी पाणी दिलं, मग शेंगा. थोड्या वेळानं वेर्गारा साहेब आले, बरोबर त्यांचा मेकॅनिक, कुलास नावाचा, माझ्याच वयाचा, सगळे त्याला मानोंग म्हणजे थोरला भाऊ म्हणायचे, खिशात स्क्रूड्रायव्हर.

"मॅडम," वेर्गारा साहेब बसण्याआधीच म्हणाले, "यांनी तेल न घालता इंजिन चालवलंय. शेतकरी असेच करतात."

"उघडून बघूया," मॅडम म्हणाल्या.

अंगणात इंजिन ठेवलं. मानोंग कुलासनं झाकण काढलं, आत बोट फिरवलं, वास घेतला. मग चिरेच्या कडेला स्क्रूड्रायव्हरचं टोक घातलं आणि हळूच खरवडलं. बीडाचा पापुद्रा निघाला. आत पोकळी. त्यातून वाळू सांडली, मूठभर नव्हे, चिमूटभर, पण वाळू. फरशीवर पडली ती आम्ही सगळ्यांनी पाहिली.

मानोंग कुलासनं साहेबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "तेलाचं नाही हे, सर. ओतकामातच फोड राहिलाय. तेल तर स्वच्छ घातलेलं दिसतंय."

साहेब आत गेले. खुर्चीत बसून म्हणाले, "ठीक आहे. पण हमी सहा महिन्यांची. खरेदीची तारीख सिद्ध करा. पावती कोळसा, कार्ड कोरं. हे इंजिन दोन वर्षांपूर्वी घेतलेलं नाही कशावरून? आणि मुळात मागणी दुकानामार्फत यायला हवी."

"दुकान उरलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि कार्डावर हमी तुमची छापलीय, दुकानाची नाही. कायद्यात कार्ड किंवा पावती, दोन्हीतलं एक चालतं. पण तारीख…" त्यांनी कार्ड उलटंसुलटं केलं आणि आईला मारावी तशी मला हाक मारली. "नानाय, तारखेचा दुसरा काही पुरावा आहे का?"

मी फेलीकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती. समोर साहेबांच्या मांडीवर एक जाड वही होती, कचेरीनं मागवलेली, त्या नंबरच्या इंजिनाची नोंद दाखवायला. मी त्या वहीकडे बघत राहिले. आणि मला आमच्या रेड्याची आठवण झाली नाही, खोटं का सांगू, मला आठवला तो गुरांचा बाजार, जिथं विकणारे जनावराचं वय चोरतात.

"सर," मी म्हटलं, "हे इंजिन तुमच्या गोदामातून कधी निघालं?"

"ते तुम्हाला कशाला?"

"वहीत असेल ना."

"बघा," मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी वही उघडली. पानं उलटली. नंबर बोटानं जुळवला. बोट एका ओळीवर थांबलं.

"मोठ्यानं वाचा, सर," मी म्हटलं.

"चार नोव्हेंबर. बेलार्मिनोकडे रवाना."

"गेल्या नोव्हेंबरची चार?"

"हो."

"आज एकोणतीस जानेवारी," मी म्हटलं. "आता सांगा सर, जे रेडकू चार नोव्हेंबरला जन्मलं, ते कुणी दोन वर्षांपूर्वी विकत घेऊ शकतं का? मी ते जन्मल्या दिवशीच नेलं असलं तरी आज तीन महिन्यांचं नाही. मग सहा कुठून झाले? माझी पावती काळी असू दे. तुमची वही पांढरी आहे."

मानोंग कुलास खोकल्यासारखं करून तोंडावर हात धरून हसला. कासिल मॅडमनी शेंग सोलायची थांबवली. मग त्या म्हणाल्या, "मला तरी हे पटलं, मिस्टर वेर्गारा. तुमचं काय?"

साहेबांनी वही मिटली. "बरं. दुरुस्त करून देतो. बीडाचं आवरण मनिलाहून मागवावं लागेल. एक महिना."

तेव्हा फेली बोलली. दहा-बारा दिवसांत मी तिचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

"महिना? कांद्याला महिना नाही, सर. आठवडा आहे. तुमचं आवरण येईपर्यंत कांद्याला काय सांगू, थांब बाबा, साहेब मनिलाला गेलेत? हे बघा." तिनं सदऱ्याची गळपट्टी बाजूला ओढून खांदा दाखवला. कावडीखाली लालसर मांस निघालेलं. "यांचाही असाच आहे. छप्पन वर्षांच्या बाईचा. दाखवा ना, मानांग."

दाखवा ना, मानांग. मी दाखवला.

मॅडमनी कागद पुढं ओढला. "जुनं इंजिन इथंच राहील. नवं गुरुवारपर्यंत पोचवायचं. तयार नसाल तर पुढची पायरी आहे, मिस्टर वेर्गारा, आणि ती वाळू पण मी पाकिटात घालून पुढं पाठवीन."

"कुठं पोचवायचं? दुकान तर नाही."

"दुकान असतं तर दुकानात दिलं असतं. दुकान नाही, तर यांच्या शेतात."

"शेतात!"

"चालू करून दाखवायचं आणि सही घेऊन यायची. तुम्ही स्वतः."

त्यांनी सही केली. मीही केली, नुसतं पुरिंग नाही, पूर्ण नाव लिहून, पुरिफिकासियोन. एवढं लांब नाव मी कधी सावकाश लिहिलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर बांबू रिकामा होता. फेलीनं तो एकटीनंच खांद्यावर घेतला, बऱ्या खांद्यावर. जीपनी थांबली तिथं तिनं वाफवलेली तांदळाची पुतो घेतली, केळीच्या पानात, आणि अर्धी माझ्या मांडीवर ठेवली. बोलली मात्र काही नाही. तिथं त्या साहेबांपुढं बोलली होती ती गरजेचं बोलणं होतं, हे मला कळत होतं. मी पुतो खाल्ली. अजून तोंडात आहे तिची चव.

गुरुवारी गाडी आली ती गावाबाहेरच अडकली. शेवटचा अर्धा मैल इंजिन बांबूवरून आणावं लागलं, आणि बांबूचं एक टोक मानोंग कुलासच्या खांद्यावर, दुसरं वेर्गारा साहेबांच्या पोरसवदा ड्रायव्हरच्या. साहेब मागून येत होते. गावातली निम्मी माणसं बांधावर उभी. बास्यो सगळ्यांत पुढं.

"जपून, सर, तो पाट आहे," तो म्हणाला, साहेबांचा पाय पाटात गेल्यावर. पिवळा बूट घोट्यापर्यंत चिखलात. त्यांनी तो ओढला तर पाय तेवढा बाहेर आला. बास्योनं बूट उपसून, चादरीएवढ्या मोठ्या आपल्या रुमालानं पुसून, अदबीनं हातात दिला. "आमच्याकडे चिखल बाहेरच काढायची पद्धत आहे, सर, पण आज असू द्या." मी त्याला दागुपानची गोष्ट सांगितली होती. सेबियो त्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं हसला. साहेबांनी दुसराही बूट काढला आणि अनवाणी उभे राहिले. त्यांचे तळवे लहान मुलासारखे गोरे होते. खरं सांगते, तेव्हा मला त्यांची थोडी कीवही आली.

मानोंग कुलासनं इंजिन बसवलं, पट्टा चढवला, तेल घातलं. मग दोरी सेबियोच्या हातात दिली. "मालकानं सुरू करावं."

पहिल्या झटक्याला नाही. दुसऱ्या झटक्याला धूर. तिसऱ्याला ते घुमलं. पाईप थरथरला, गुरगुरला, तांबूस गढूळ पाणी ओकला, थांबला, आणि मग नितळ पाण्याची जाड धार पाटात पडली. पोरं ओरडली. पाणी पाटातून पळायला लागलं, पुढं वाळलेला पेंढा आणि काड्या ढकलत. फेली आधीच फावडं घेऊन पहिल्या वाफ्याच्या तोंडाशी गेली होती. मी दुसऱ्या वाफ्याशी. सेबियोनं सही केली ती साहेबांच्या पाठीवर कागद ठेवून, कारण दुसरं सपाट काही नव्हतं.

वीस वाफे गेले ते गेलेच. पण चाळीस वाफ्यांचा कांदा त्या मार्चमध्ये निघाला तो मुठीएवढा, तांबडा, घट्ट. सेबियो मनिलाला गेला नाही. पुढच्या भाताच्या आधी आमच्या गोठ्यात रेडा आला, काळाभोर, शिंगं मागं वळलेली. बंद पडलेल्या दुकानांची कार्डं घेऊन लोक माझ्या खिडकीपाशी यायला लागले, आणि मी त्यांना आधी मागची बाजू वाचायला लावायची.

पण मला दिवस आठवतो तो गुरुवारच. माणसं निघून गेली होती, इंजिनाचा आवाज एका लयीत चालला होता, आणि पाणी पहिल्या वाफ्यात पेंढ्याखालून सगळीकडे पसरत होतं. कोरडी माती पाणी पिताना आवाज करते, बारीक चुळबुळ, ती ऐकत मी वाकून उभी होते. पलीकडच्या टोकाला फेली. गुडघ्यापर्यंत चिखल, घामानं केस चिकटलेले. तिनं वाफ्याकडे पाहिलं, पाणी काठाला लागलं होतं. सेबियो तिथंच, दोघींच्या मध्ये, निरोप न्यायला सवयीनं वळलेला. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"मानांग!" तिनं थेट मला हाक मारली. "वाफा भरला, पाणी वाया चाललंय! दारं मोडा की!"

मी फावडं घातलं, मातीचा बांध एका घावात फोडला, आणि पाणी माझ्या पायांवरून पुढच्या वाफ्यात शिरलं.